परके मूत्रपिंड आणि शरीरातील शांतिरक्षक

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी एका तरुणाचे मूत्रपिंड त्याच्या आजारी भावाच्या शरीरात बसविले. तो रोगी पुढे आठ वर्षे जगला. मात्र हे भाऊ एकसारखे दिसणारे जुळे होते! दाता परका असेल तर काय होईल?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या रक्तातील टी पेशी ‘आपले’ आणि ‘परके’ ओळखतात. पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने ही त्यांची ओळखखूण. जंतू असो की जीव वाचविणारे मूत्रपिंड, खूण परकी दिसली की हल्ला होतो. म्हणून रोग्याला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस यांसारखी औषधे सतत घ्यावी लागतात. त्यांमुळे हल्ला थोपतो, पण जंतूंशी लढण्याची शक्तीही घटते. शिवाय दीर्घकाळ घेतल्यास ही औषधे मूत्रपिंडालाच अपाय करू शकतात. ज्याला वाचवायचे, त्यालाच इजा!

१९९५ साली जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. टी पेशींचा एक लहानसा गट वगळून उरलेल्या पेशी त्यांनी टी पेशी नसलेल्या उंदरांना टोचल्या. त्या पेशी उंदरांच्या स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडल्या. वगळलेला गटही बरोबर दिला, तेव्हा हे टळले. हा गट म्हणजेच नियामक टी पेशी. या संशोधनासाठी साकागुची यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पेशी हल्ला कसा आवरतात? घरातील ऑटोमॅटिक इस्त्री आठवा. ती पुरेशी तापली की थर्मोस्टॅट विजेचा प्रवाह तोडतो. म्हणजे उष्णताच उष्णतेला आळा घालते. तसेच येथे घडते. चेतलेल्या लढाऊ पेशी इंटरल्यूकिन-२ नावाचे प्रथिन सोडतात व त्याच्या बळावर वाढतात. नियामक पेशी हेच प्रथिन शोषून घेतात आणि त्यावरच पोसल्या जातात. लढाई पेटली की विझविणारेही बळावतात. याखेरीज हल्ला शमविण्याचे त्यांचे इतरही मार्ग आहेत.

मग रोग्याच्याच रक्तातून या पेशी वेगळ्या काढून, प्रयोगशाळेत वाढवून त्याला परत दिल्या तर? युरोप व अमेरिकेतील रुग्णालयांनी मिळून केलेल्या अशा चाचण्यांचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यांत नियामक टी पेशी आणि हल्ला शमविणाऱ्या इतर काही पेशी वापरल्या होत्या. या रोग्यांत जंतुसंसर्ग कमी आढळले आणि काहींना एकाच औषधावर ठेवता आले. मात्र रोग्यांची संख्या थोडी होती. औषधे पूर्णपणे बंद करण्याचा पल्ला अजून लांब आहे.

आता एक प्रश्न. थर्मोस्टॅट फार लवकर प्रवाह तोडू लागला तर? इस्त्री तापणारच नाही! नियामक पेशींचा जोर अति झाला, तर जंतूंशी आणि कर्करोगाशी कोण लढणार? म्हणूनच रोपलेल्या मूत्रपिंडाचीच खूण ओळखून तेवढ्याच जागी शांतता राखतील, अशा नियामक पेशी घडविण्याचे प्रयत्न आता चालू आहेत.