शहीद द्वीप : प्रवाळांच्या गावी

दिवाळीनंतर दुकान चार दिवस मिटून अंदमानला जाणारी नगरची कुटुंबे आता विरळ नाहीत. बहुतेकांचा मुक्काम गर्दीच्या स्वराज द्वीपावर असतो. शांतता हवी असल्यास शेजारचे शहीद द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे नील बेट, गाठावे. ते सायकलवर एका दिवसात पाहून होते. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी फुलवलेली येथील शेती अंदमानला भाजीपाला पुरवते.

स्कूबासाठी पोहता येण्याची अट नाही. प्रशिक्षक सोबत राहून जास्तीत जास्त बारा मीटर खोल नेतो. त्यानंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, म्हणून परतीचे तिकीट विचारपूर्वक काढावे.

चोविहार पाळणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. घड्याळ आपलेच, पण बेट दूर पूर्वेला. डिसेंबरात सूर्यास्त पाचच्या सुमारासच होतो. जेवणाची वेळ सकाळीच सांगून ठेवावी.

खरा प्रश्न पाण्यातला आहे. ‘जीवविचार’ प्रकरणात विद्रुम, म्हणजे पोवळे, पृथ्वीकाय जीवांत गणले आहे. विज्ञान प्रवाळास सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. वर्गवारी निराळी, जीव मात्र दोघांनाही मान्य. ओहोटीच्या उथळ पाण्यात एका पावलाखाली अनेक वर्षांची वाढ मोडते. इर्यासमितीची याहून कठीण कसोटी क्वचितच लागेल. मासे जमावेत म्हणून पाव टाकणे हीदेखील जीवदया नव्हे.

किनाऱ्यावरचा मृत प्रवाळाचा तुकडाही आठवण म्हणून उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, आणि परतताना विमानतळावर सामान तपासले जाते.