जळक्या तेलाचं डिझेल, न जाळता

नालासोपारा स्टेशनातून पूर्वेला उतरून तुळिंज रोडला लागलं की संध्याकाळी भजी-वड्यांचे घाणे निघत असतात. तेच तेल पुन्हा पुन्हा तापलं की काळं, चिकट होतं आणि त्यातले ध्रुवीय घटक वाढतात. हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं तर तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मग ते तेल टाकायचं कुठे? त्याच वर्षी १० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, ‘रुको’ मोहीम सुरू झाली: वापरलेलं तेल गोळा करा, त्याचं बायोडिझेल करा.

कृती कागदावर सोपी आहे. तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे तीन रेणू भेटले की बायोडिझेल आणि ग्लिसरीन मिळतं. कारखान्यात हे काम बहुधा कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीकडून साधारण ६० अंशांवर करून घेतात. पण जळक्या तेलात पाणी आणि सुटी मेदाम्लं असतात, आणि अल्कली त्या आम्लांचा साबणच करून टाकते. इंधन राहतं बाजूला, फेस निवारत बसावं लागतं.

लायपेज या विकराचं असं होत नाही. ते ३५-४० अंशांवर काम करतं आणि सुट्या मेदाम्लांचंही इंधन करतं. अडचण किमतीची. म्हणून ते रेझिनच्या बारीक मण्यांवर पक्कं बसवतात. हे मणी साबुदाण्याहूनही लहान, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. घाणा संपला की गाळून घ्यायचे आणि पुन्हा वापरायचे.

खरी कसोटी पुढेच आहे, ती म्हणजे मणी ठेवायचे कशात. ढवळणीच्या टाकीत तेल आणि मिथेनॉल छान मिसळतं, पण पात्यांच्या माराने मण्यांचा भुगा होतो. त्यांना नळकांड्यात ठासून भरलं आणि वरून तेल सोडलं, तर मार बसत नाही. मात्र जड ग्लिसरीन मण्यांना लपेटून बसतं, तेलाला वाट उरत नाही आणि पंपावरचा दाब चढत जातो. त्यावर तोडगा म्हणून नळकांडी एकापुढे एक जोडतात आणि मध्ये ग्लिसरीन काढून घेतात. तिसऱ्या प्रकारात प्रवाह खालून वर सोडून मणी तरंगते ठेवतात. ते तुंबत नाहीत, पण प्रवाहाचा वेग नेमका सांभाळावा लागतो.

मिथेनॉलचाही काच आहे. ते एकदम ओतलं तर विकर निकामी होतं. ओसाकाच्या शिमादा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मिथेनॉल तीन हप्त्यांत घालून पाहिलं. तेच मणी ५० घाण्यांनंतरही ९५ टक्क्यांहून जास्त तेलाचं रूपांतर करत होते. तुळिंजहून लोकलने गाठता येणाऱ्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) प्रा. गणपती यादव यांच्या गटानेही अशा मण्यांवर बसवलेल्या लायपेजच्या अभिक्रियांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. तरी मण्यांचीच सरशी झाली असं मात्र नाही. अलीकडे काही कारखाने स्वस्त, द्रवरूप विकरांकडे वळले आहेत.

तुळिंजच्या तेलाची गोष्ट त्याहून साधी आहे. ज्यांना तळणीला दिवसाकाठी ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागतं त्यांनाच वापराच्या नोंदी ठेवणं बंधनकारक आहे. रस्त्यावरची छोटी गाडी त्या हिशेबात येतच नाही, तेव्हा तिचा डबा उचलायला कोणीतरी दारात यावं लागेल. आणि त्या डब्याच्या तळाशी बेसनाचा जळका चुरा असतो. तो नळकांड्यात गेला तर मण्यांची वाट ग्लिसरीनच्या आधीच बुजेल, म्हणून रिअॅक्टरच्या आधी चांगली गाळणी बसवावी लागते.