दहा दिवसांत व्यसन सुटते का?

‘एकदा दवाखान्यात ठेवून शरीर साफ करून आणू, मग लग्न लावून देऊ. बायको आली की येईल ताळ्यावर!’ घरातला मुलगा गर्दच्या नादी लागल्याचे कळले, की सुरुवातीची रडारड ओसरल्यावर वडीलधाऱ्यांचा बेत बहुधा असाच ठरतो. हा बेत फसतो, एवढेच असते तर गोष्ट वेगळी होती. कधी कधी तो जिवावर बेततो.

दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादच्या कमला नेहरू नगरात ‘एम्स’चे राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र आहे. १९८८ साली दिल्लीच्या हरिनगरातील दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयात ते सुरू झाले आणि २००३ साली गाझियाबादला आले. खाटा ५०. एवढ्या मोठ्या देशाच्या केंद्राला फक्त ५०? पण व्यसनावरचा बराचसा उपचार खाटेवर होतच नाही. तो होतो बाह्यरुग्ण विभागात, पुन्हा पुन्हा येण्यात, महिनोन्‌महिने.

याच केंद्राने देशभर पाहणी करून २०१९ साली अहवाल दिला. अफू, गर्द आणि त्या जातीची औषधे घेणारे सव्वादोन कोटींहून अधिक. त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज. या रुग्णांचा निम्म्याहून अधिक भार मोजक्याच राज्यांवर आहे आणि त्या यादीत महाराष्ट्रही आहे. अंमली पदार्थांच्या पूर्ण आहारी गेलेल्या वीसजणांत एकालाच कसला तरी उपचार मिळालेला होता. दारूच्या बाबतीत अडतीसजणांत एकाला.

गर्द बंद केली की काही तासांतच अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब-उलट्या होतात, झोप उडते. मुंबई-पुण्याचे गर्दुल्ले याला ‘टर्की’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास कळसाला पोहोचतो आणि आठ-दहा दिवसांत बराचसा ओसरतो. मुलगा जेवू लागतो, गालावर तजेला येतो. आई म्हणते, सुटला एकदाचा!

इथेच घात होतो. शरीरातून विष गेले, तरी मेंदूला लागलेली ओढ गेलेली नसते. ती महिने, कधी वर्षे टिकते. दरम्यान शरीराची सवय मात्र मोडलेली असते. पूर्वी जी मात्रा सहज पचत होती, तीच आता श्वास बंद पाडू शकते. गर्द घेणाऱ्याला सर्वांत मोठा धोका असतो तो उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून ‘साफ’ होऊन बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. नेमके त्याच वेळी घरच्यांनी निःश्वास सोडलेला असतो आणि सोयरिकीची बोलणी सुरू झालेली असतात!

म्हणून डॉक्टर अशा अनेक रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिन नावाचे औषध देतात. ही गोळी जिभेखाली विरघळवायची असते. मेंदूत गर्द जिथे जाऊन बसते, तिथेच हे औषध बसते. पण त्याचा परिणाम ठरावीक मर्यादेपुढे वाढत नाही आणि तो दिवसभर टिकतो. टर्की होत नाही, ओढ कमी होते, माणूस कामावर जाऊ शकतो. ‘म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरे लावायचेच ना?’ असे सासू-सासरे विचारतात. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिनचे व्यसन लागले, असे कुणी म्हणत नाही. ही गोळी वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक चालते. घरच्यांनी ‘आता पुरे’ म्हणून ती परस्पर बंद करू नये. तिचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून ती देखरेखीखाली देतात, हेही खरे.

दारूची गोष्ट निराळी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकाएकी दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्यात माणूस दगावतोही. अशा रुग्णाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तोडावी लागते. ‘न सांगता जेवणात मिसळा’ अशा जाहिरातींच्या पुड्यांपासून तर चार हात दूरच राहावे. दारूवरचे डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली की छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

साखळीने बांधून किंवा मारझोड करून व्यसन सोडवण्याचा दावा करणाऱ्या जागाही आहेत. मानसिक आजाराच्या रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे आणि दारू व अंमली पदार्थांमुळे येणारे मानसिक विकार त्या कायद्यात येतात. भरती करण्यापूर्वी नोंदणीचा कागद मागावा, डॉक्टर प्रत्यक्ष किती वेळा येतात ते विचारावे.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक हात दिला. तिथेही निवासी उपचार संपले म्हणजे काम संपले असे मानत नाहीत. रुग्णांच्या पाठपुराव्याच्या सभा असतात आणि बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गटही आहे. नवऱ्याचे व्यसन लपवता लपवता, उसनवाऱ्या फेडता फेडता तीही खचलेली असते.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमात, व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या आरोपावरून खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे. उपचार मात्र पुरे करावे लागतात. १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर जवळच्या केंद्राची माहिती विचारता येते. मुलगा यायला तयार नसेल, तर पहिला फोन आईने केला तरी चालतो.