बुचातलं बी

ब्रुगमान्सियाची फांदी इतकी सहज लागते की बियांच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. बोटाच्या जाडीची फांदी पाण्यात उभी केली की काही दिवसांत सालीवर पांढरे फोड येतात आणि त्यांतूनच मुळं फुटतात. उटी-कोडाईकनालकडे बंगल्यांच्या आवारात वीतभराहून लांब पांढरी फुलं खाली तोंड करून लोंबत असतात. ती झाडं बहुतेक अशीच या कुंपणावरून त्या कुंपणाकडे गेलेली. नर्सरीवालेही फांद्याच लावतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

अडचण एवढीच की फांदीचं झाड हा जुन्या झाडाचाच तुकडा असतो आणि ब्रुगमान्सियाला सहसा स्वतःचा पराग चालत नाही. एकाच झाडाच्या शंभर फांद्या शंभर घरी लावल्या तर फुलं भरभरून येतील, फळ मात्र धरणार नाही. फळ हवं तर दोन वेगळी झाडं एकत्र यावी लागतात, तीही एका गटातली. या वंशात सात प्रजाती आहेत. उंच, थंड अँडीजमधल्या आर्बोरिया, सँग्विनिया आणि व्हल्कॅनिकोला यांचा एक गट. तुलनेने उबदार मुलखातल्या ऑरिया, इन्सिग्निस, सुआव्हिओलेन्स आणि व्हर्सिकलर यांचा दुसरा. गटाबाहेर सोयरीक जमत नाही. सँग्विनियाची लाल, बिनवासाची, हमिंगबर्डसाठी घडलेली फुलं कितीही आवडली तरी पुण्यातल्या एप्रिलच्या रात्री तिला सोसणं कठीण, म्हणून तो मोह मी केलाच नाही.

माझ्या गच्चीवर उबदार गटातली दोन झाडं आहेत. एक पांढरं, डोंगरातून आलेल्या फांदीचं. दुसरं नर्सरीतलं, त्याचं फूल पिवळट उमलतं आणि दोन-तीन दिवसांत जर्दाळूच्या रंगावर जातं. दोन्ही एकाच आठवड्यात फुलली तेव्हा दिवेलागणीला वर गेले. ती वेळ महत्त्वाची. फूल संध्याकाळी उलगडतं, वासही तेव्हाच सुटतो, कारण मूळ मुलखात त्याचे गिऱ्हाईक म्हणजे लांब सोंडेचे निशाचर पतंग. जर्दाळूरंगी फुलातला एक पुंकेसर चिमट्याने काढायचा आणि पांढऱ्या फुलाच्या तोंडातून हात वर घालून त्याच्या चिकट टोकावर घासायचा. इतर बऱ्याच फुलझाडांत आधी पराग घेणाऱ्या फुलाचे पुंकेसर खुडावे लागतात, नाहीतर घरचाच पराग बाजी मारतो. इथे ती कटकट नाही. देठाला लाल दोरा बांधला की आपलं काम संपलं.

फूल चार-पाच दिवसांत गळतं. मागे हिरवी, गुळगुळीत, दोन्हीकडे निमुळती शेंग लांबत राहते आणि महिनोन्‌महिने तशीच लोंबते. आपला धोतरा पाहा: फूल वर तोंड केलेलं, फळ काटेरी, वाळलं की फुटून बी उधळून मोकळं. ब्रुगमान्सियाचं फळ आपणहून उकलतच नाही. पूर्वी दोघांना एकाच वंशात गणत. लिनिअसने १७५३ साली आर्बोरियाचं वर्णन धोतऱ्याचा वृक्ष म्हणूनच केलं होतं. पर्सूनने १८०५ मध्ये वेगळा वंश मांडला, पण १९७३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ टॉमी लॉकवुडने बाजू लावून धरेपर्यंत तो वाद मिटला नव्हता. कुंडीसमोर बसलेल्या माणसाला मात्र फळ हातात घेतलं तरी फरक कळतो.

देठ पिवळा पडून सुकायला लागला की शेंग काढायची. आत दाटीवाटीने बसलेलं तपकिरी, ओबडधोबड, कोनाकोनांचं बी निघतं, साधारण सेंटिमीटरभर. बियाचं वरचं आवरण चक्क बूच असतं. नखाने दाबलं तर दबतं. पाण्यावर तरंगत दूर जाण्याची ही सोय दिसते. म्हणूनच घरोघरची ती परीक्षा, पाण्यात टाका आणि तरंगेल ते बी फेका, इथे लावली तर सगळंच फेकून द्यावं लागेल. विकतच्या पाकिटांची परीक्षा मात्र या बुचावरच होते. बारीक, चपटं, बिनबुचाचं बी निघालं तर तो बहुधा धोतरा आहे. आणि पाकिटावर निळं फूल छापलेलं असेल तर पैसे खिशातच ठेवावेत. निळी ब्रुगमान्सिया नसते.

बी एक दिवस कोमट पाण्यात भिजवलं की बूच मऊ पडतं आणि सोलता येतं. न सोलताही रुजतं, पण उशिरा. शिवाय ओलं बूच बुरशीला आवतणच देतं. सोलण्याचं काम नाजूक आहे. बूच दोन बोटांत फिरवत कडेने उकलायचं. घाई केली तर आतलं लहान बी चिरडतं. हातात मोजे हवेतच. या झाडाच्या पानाफुलांत, मुळांत आणि बियांत स्कोपोलामाइन, हायोसायमीन आणि अॅट्रोपीन असतं. डोळ्यांचे डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्यात अॅट्रोपीनही वापरतात. पानं खुडून तोच हात डोळ्याला लावला तर एकाच डोळ्याची बाहुली विस्फारलेली राहते, आणि पोटात गेलं तर भ्रम, ताप, जिवावरचं दुखणं. भिजवायची वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेत नाही. तिच्यावर रंगाची फुली मारून ती गच्चीवरच ठेवली आहे.

माती हलकी लागते: कोकोपीट, धुतलेली वाळू, चाळलेलं पालापाचोळ्याचं खत. शेणखत या टप्प्यावर नको. फेब्रुवारीत थंडी सरली की पेरते, म्हणजे मातीला ऊब मिळते आणि पावसाळ्यापर्यंत रोप अंग धरतं. बी पेराएवढं खोल टाकायचं नाही. जेमतेम झाकलं की पुरे. मग दोन ते चार आठवडे कुंडीत काहीच दिसत नाही आणि पाणी जास्त घालायचा मोह होतो. बी कुजतं ते याच दिवसांत.

आधी वाकलेली दांडी वर येते, मग ती सरळ होत दोन अरुंद, लांबट बीजपत्रं ओढून काढते. वांगी-मिरचीची रोपं केलेल्याला ही मांडणी ओळखीची वाटेल, भाऊबंदच ते. कधी बियांचं टरफल टोपीसारखं पानांवर अडकून बसतं. ते ओढायचं नाही, पाण्याचा थेंब ठेवायचा. यानंतर भीती रोप कोलमडण्याची. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी मातीलगत बारीक होऊन आडवं पडलेलं असतं आणि त्यावर इलाज नाही. वारा खेळता ठेवायचा आणि पाणी खालून ताटलीत द्यायचं, एवढंच हातात असतं.

चार-सहा खरी पानं आली की हेच रोप खादाड होतं. पावसाळ्यात दर पंधरवड्याला खत मागतं आणि पानं बघता बघता तळहाताहून मोठी होतात. उन्हाळ्यात हिरव्या जाळीखालीसुद्धा दुपारी मान टाकतं, पाणी दिलं की संध्याकाळी सावरतं. लाल कोळी आणि पांढरी माशी यांना ते फारच आवडतं. पानांची खालची बाजू रोज पाहिली नाही तर आठवड्यात जाळं धरतं.

रोप एकदांडी सरळ वाढत जातं, माणसाच्या छातीपर्यंत, कधी त्याहून उंच. मग एक दिवस शेंडा दुभंगतो आणि बेचकं फुटतं. त्याच्या खाली कळी येत नाही. बेचक्याखालच्या पानांचा तळ दोन्ही बाजूंनी सारखा असतो. वरच्या पानांत देठाशी एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली असते. वरची फांदी लावली तर ती लवकर फुलते, कारण ती वयात आलेली असते. बियांच्या रोपाला ही सवलत नाही. बेचक्यापर्यंतचा सगळा रस्ता त्याला चालावाच लागतो, वर्ष लागो की दोन.

एवढा खटाटोप कशासाठी? एक कारण व्यवहाराचं: फांदीबरोबर जुन्या झाडाचे विषाणूही येतात, बियांतून बहुतेक विषाणू येत नाहीत. दुसरं कारण मला जास्त ओढतं. आययूसीएनच्या लाल यादीत या सातही प्रजाती रानातून नामशेष म्हणून नोंदल्या आहेत. न उकलणारी ती फळं खाऊन बी पसरवणारे मोठे प्राणी केव्हाच संपले असावेत, असा एक अंदाज आहे. उरली ती माणसांनी लावलेली झाडं, आणि माणूस फांदी लावतो. कोलंबियातल्या सिबुंदॉय खोऱ्यात कामसा लोकांनी चमत्कारिक अरुंद पानांची झाडं पिढ्यान्‌पिढ्या फांदीनेच जपली. वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्टेस यांनी १९५५ मध्ये त्यांतल्या एकाला चक्क नवा वंश ठरवलं. पुढे ते ऑरियाचंच रूप निघालं. असलं वैचित्र्य टिकतं ते फांदीमुळे. बी असलं काही टिकवत नाही, पत्ते पिसून नव्याने वाटतं.

माझ्या शेंगेतली रोपं आता फुलताहेत. बहुतेक साधी पांढरी. एकाचं फूल अरुंद आणि वास लिंबाकडे झुकणारा. एक कडेला फिकट गुलाबी होतं, पण पाकळ्या दुबळ्या. पहिल्या बहरावर निवाडा करू नये, म्हणून सध्या सगळी ठेवली आहेत, जागा नसताना. शेजारच्या वहिनी फांदी मागायला आल्या तेव्हा त्यांना एकाच शेंगेतली दोन रोपं दिली, दोन्हींवर ‘विषारी’ अशी चिठ्ठी लावून. “अहो, दोन कशाला? एकाला जागा करतानाच नाकी नऊ येतील,” त्या म्हणाल्या. फळ धरायला दोन लागतात, आणि भावंडं असली तरी दर वेळी पटेलच असं नाही, हे सांगितलं. त्यांनी एक जिन्यात ठेवलं आहे, दुसरं बहिणीकडे कोथरूडला पाठवलं.