जुन्या ध्वनिमुद्रणांचे पुनःप्रकाशन : लाँग प्ले तबकडी व सीडी यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

उस्ताद अब्दुल करीम खाँ, सूरश्री केसरबाई केरकर, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर या कलावंतांचे गायन मुळात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवर प्रसिद्ध झाले. पुढे तेच व्हिनाइलच्या लाँग प्ले तबकडीवर, कॅसेटवर आणि सीडीवर आले. महाविद्यालयांतील संगीताचे अध्यापन व संशोधन आज बहुतांशी या पुनःप्रकाशित आवृत्त्यांवरच चालते. त्यांपैकी विश्वसनीय कोणती, असा प्रश्न निघाला की तबकडीचा आवाज उबदार आणि सीडीचा कोरडा, या परिचित वादाकडे चर्चा वळते. प्रस्तुत लेखात हा वाद ७८च्या तबकड्यांना कितपत लागू पडतो, याचा विचार केला आहे.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मुद्रणांबाबत या वादाला निश्चित अर्थ आहे. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसह होल्स्टची ‘द प्लॅनेट्स’ ही रचना १९७१ मध्ये डेक्का कंपनीसाठी मुद्रित केली. ते मुद्रण चुंबकीय फितीवर झाले. लाँग प्ले आणि सीडी ही दोन्ही त्या फितीची अपत्ये असल्यामुळे त्यांची तुलना म्हणजे खरोखरच दोन माध्यमांची तुलना होते. खाँसाहेबांचे १९३७ मध्ये निधन झाले, तेव्हा आपल्याकडे अशी फीत नव्हतीच. आवाज थेट मेणाच्या चकतीवर कोरला जाई आणि तिच्यापासून धातूचे साचे घडवले जात. पुनःप्रकाशनासाठी साचा किंवा एखादी वापरलेली तबकडीच हाती असते. ती कोणी, कशी वाजवून उतरवून घेतली, यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

माध्यमांची क्षमता

१९४८ मध्ये आलेल्या लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूस वीस-पंचवीस मिनिटांचे संगीत मावते. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. परंतु बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकत असेल, तर आतील कडेला जेमतेम २१ सेंटीमीटर. त्यामुळे बाजूच्या अखेरीस योजलेली चीज किंचित मंद वा चिरकी भासू शकते; हा दोष गायकाच्या माथी मारू नये. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. तीत सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी आणि ९६ डेसिबलचा पल्ला सामावतो. लाखेच्या तबकडीत याच्या जवळपासही काही नसते. थोडक्यात, दोन्ही भांडी पाण्यापेक्षा मोठी आहेत. भांड्यांवरून भांडण्यात फारसे हशील नाही.

वेगाचा प्रश्न

‘७८’ हा आकडा सुरुवातीपासून स्थिर नव्हता. विशेषतः १९२५ पूर्वीच्या तबकड्या त्याहून कमी-अधिक वेगाने मुद्रित झालेल्या आढळतात. समजा, ८० फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी उतरवून घेताना ७८ने वाजवली. सव्वातीन मिनिटांचे गायन पाच सेकंदांनी लांबेल आणि षड्ज सुमारे ४४ सेंटने खाली येईल. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर, आणि लहानात लहान श्रुत्यंतर साधारण २२ सेंटचे. म्हणजे गायकाचा षड्ज जवळजवळ दोन श्रुतींनी सरकला!

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. सर्वच स्वर एका प्रमाणात सरकत असल्याने त्यांची परस्पर अंतरे बदलत नाहीत. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या श्रुतिविषयक प्रयोगांत सहभागी झालेल्या खाँसाहेबांच्या गायनातील श्रुत्यंतरे कोणी मोजू पाहील, तर चुकीच्या वेगाने उतरवलेली सीडीही त्याला चालेल. मात्र गायकाची पट्टी, तानेची गती, तबल्याची लय आणि कंठाचा पोत यांविषयी त्याच सीडीवरून काढलेली अनुमाने फसतील. विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत नेमकी हीच अनुमाने अधिक असतात. साथीची पेटी दोन पट्ट्यांच्या मधोमध बोलू लागली, तर वेगाविषयी शंका घ्यावी. पण त्या काळातील पेट्याही सर्व एकाच मापाच्या नसत, हे विसरू नये.

खरखर आणि तंबोरा

लाखेच्या मिश्रणात दगडाची भुकटी असे. तबकडीची खरखर त्यातूनच येते. संगणकाच्या साहाय्याने ती आज बरीच कमी करता येते. परंतु खरखर ज्या उंच कंप्रतांवर असते, तेथेच तंबोऱ्याची जवारी आणि ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांची धारही असते. गाळणी कठोर लावली की आवाज स्वच्छ होतो आणि निर्जीवही. सीडीविषयीची कोरडेपणाची तक्रार बहुधा या गाळणीविरुद्ध असते. तोच गाळलेला ध्वनी व्हिनाइलवर चढवला, तरी जवारी परत येणार नाही.

केसरबाईंचे उदाहरण

केसरबाईंची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाली. २०१७ मध्ये ओझ्मा रेकॉर्ड्सने या संकलनाचे तीन लाँग प्ले तबकड्यांचे व सीडींचे असे दोन्ही संच काढले आणि त्यांसाठी संकलनाच्या मूळ फितींचा आधार घेतला. तथापि केसरबाईंपुरती ती ‘मूळ फीत’ म्हणजे आधीच्या ध्वनिमुद्रिकेवरून १९७७ मध्ये घेतलेली प्रत होय. वेष्टनावरील ‘मूळ फितीवरून’ हे शब्द एका अर्थाने खरे असूनही संशोधकाला पुरेसे नाहीत.

येथेच ग्रंथालयांची जबाबदारी सुरू होते. सीडी आली म्हणून लाखेच्या तबकड्या मोडीत काढणे म्हणजे पडताळणीचे साधनच गमावणे होय. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने तबकड्यांच्या सूची प्रसिद्ध करून या कामाचा पाया घातला आहे. ग्रंथालयाच्या नोंदवहीत गायक, राग व कंपनी यांच्यासोबत लेबलावरील क्रमांक, लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात उमटवलेला मुद्रणक्रमांक आणि पुनःप्रकाशित प्रत असल्यास तिचा आधार व उतरवतानाचा वेग यांसाठी रकाने असावेत. वेष्टनावर ही माहिती नसेल, तर ‘माहिती दिलेली नाही’ असे त्या रकान्यात स्पष्ट लिहावे.