इंजिनाचें माहेर

वारंगा फाट्याहून हिंगोलीस वा नांदेडास जाऊन आगगाडींत बसणाऱ्या वाचकांनीं इंजिनाच्या अंगावर रंगविलेलें गांवाचें नांव अवश्य पाहावें. पुणें, भुसावळ, कल्याण, अजनी, काझीपेठ हीं नांवें गाडी कोठें चालली हें सांगत नाहींत. त्या इंजिनाची निगा कोणत्या शेडकडे आहे, हें सांगतात. इंजिन कामानिमित्त शेंकडों मैल दूर गेलें, तरी मुदतीच्या तपासणीसाठीं तें आपल्या शेडांत परततें. तेथें ब्रेक, चाकें व यंत्रें पारखलीं जातात. वाटेंत चालक अनेक बदलतात. प्रत्येकानें निगेचा भार दुसऱ्यावर टाकल्यास प्रवाशांचे प्राण संकटांत पडतील. म्हणून उत्तरदायी एकच असावा आणि त्याचें नांव सर्वांस दिसावें, हेंच त्या अक्षरांचें मर्म होय.