मोटारीचे लहान दिवे

मोटारगाडीचे पुढचे दोन प्रखर दिवे रस्ता दाखवितात. त्यांचें महत्त्व कोणास सांगावें लागत नाहीं. परंतु त्यांच्याच शेजारीं एकेक मंद पांढरा दिवा आणि गाडीच्या पाठीमागें दोन्ही कडांस एकेक तांबडा दिवा असतो, त्यांजकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. गाडी बंद करून किल्ली काढून घेतली तरी हे दिवे जळत राहिलेले दिसतात, तेव्हां मात्र मालक चपापतो. कांहीं बिघाड झाला असावा असा तर्क करून तो गाडी दुरुस्तीस नेतो. पुष्कळदां तेथें बिघाड मुळींच नसतो. गाडी बंद असतांनाहि हे दिवे जळतां यावे, अशीच त्यांची योजना केलेली असते.

ही योजना समजण्यास दिव्यांचीं दोन निरनिराळीं कामें ध्यानांत घेतलीं पाहिजेत. मोठा दिवा चालवणाऱ्यास पाहतां यावें म्हणून असतो. लहान दिवा दुसऱ्यांस गाडी दिसावी म्हणून असतो. ह्यास स्थितिदर्शक दिवा म्हणतां येईल. आपल्याकडे तो पार्किंग लाइट या नांवानें ओळखला जातो. गाडीच्या कडा कोठें आहेत, म्हणजे तिची रुंदी किती, हें तो सांगतो. आणि पांढरा रंग पुढची बाजू व तांबडा रंग मागची बाजू दर्शवितो. म्हणूनच मोठे दिवे लावले तरी लहान दिवे विझत नाहींत. समजा, पुढील एक मोठा दिवा वाटेंत गेला. समोरून येणाऱ्यास उरलेला एकच दिवा पाहून ती मोटारसायकल आहे असें वाटेल, आणि तो तितकीच जागा सोडील. त्या बाजूचा लहान दिवा जळत असेल, तर हा घातक भ्रम टळतो. पाठीमागें तर मोठ्या दिव्यांचा कांहींच उपयोग नाहीं. तेथें सारी भिस्त या तांबड्या दिव्यांवरच असते.

आतां उभ्या गाडीचा विचार करूं. नांगर टाकलेल्या जहाजाचें यंत्र बंद असतें, तरी रात्रीं त्यावर पांढरा दिवा लावावाच लागतो. कारण थांबलेलें जहाज चालत्या जहाजाच्या वाटेंत असूं शकतें. रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीचीहि गोष्ट तीच. आपल्या देशांतील 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं 109 वा नियम सांगतो कीं, वाहन रस्त्यावर उभें असतांनाहि पुढचे व मागचे पार्किंग लाइट जळत राहिले पाहिजेत. इंग्लंडांत ताशीं 30 मैलांहून अधिक वेगाची मर्यादा असलेल्या रस्त्यावर रात्रीं गाडी उभी करावयाची, तर हे दिवे लावणें बंधनकारक आहे.

या नियमामागचें गणित सोपें आहे. ताशीं 80 किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी एका सेकंदांत सुमारें 22 मीटर अंतर तोडते. मोठे दिवे खालीं झुकविले असतां न उजळलेली काळसर वस्तु 50-60 मीटरांपलीकडे स्पष्ट दिसणें कठीण. म्हणजे हातीं जेमतेम अडीच सेकंद राहतात. उलट, मागचा तांबडा दिवा 155 मीटरांवरून दिसला पाहिजे अशी नियमाची अपेक्षा आहे. तेवढ्यानें सात सेकंद मिळतात. पांच वॅटच्या दिव्यानें मिळणाऱ्या या चार-साडेचार सेकंदांत गाडी आवरतां येते.

यंत्र बंद असतां दिवे जळावयाचे, तर त्यांस वीज किल्लीच्या वाटेनें न येतां थेट बॅटरींतून यावी लागते, आणि तशीच ती येते. मात्र बॅटरी कांहीं अक्षय्य भांडें नव्हे. पुढचे दोन, मागचे दोन व नंबरपाटीवरचा एक असे पांच-पांच वॅटचे पांच दिवे धरले, तर एकूण 25 वॅट होतात. 12 व्होल्टच्या बॅटरींतून त्यांस दोन अँपिअरांहून थोडा अधिक प्रवाह लागतो. 40 अँपिअर-तासांची नवी बॅटरी हिशेबानें वीस तासांच्या आंत रिकामी होईल. जुनी असेल तर रात्रभरांतच इतकी खालावेल कीं सकाळीं यंत्र सुरू होणार नाहीं.

यावर जर्मनींत एक काटकसरीची युक्ति आहे. तेथें वस्तीच्या आंत उभ्या गाडीची रहदारीकडील एकच बाजू उजळलेली चालते. म्हणून कित्येक जर्मन गाड्यांत किल्ली काढल्यावर इंडिकेटरची दांडी डावीकडे वा उजवीकडे सारली, कीं त्या बाजूचे दिवे जळत राहतात. अशा गाडीची एकच बाजू विनाकारण उजळलेली दिसली, तर प्रथम ती दांडी पहावी. दांडी मध्यावर आणि दिव्याचें बटणहि बंद असून दिवे जळतच राहिले, तर मात्र तो खरा बिघाड समजून वायरमनास दाखवावा.

याच्या उलट चूक अधिक धोक्याची आहे. अलीकडच्या अनेक गाड्यांत दिवसां आपोआप लागणारे पुढचे शुभ्र दिवे असतात. ते जळतांना पाहून चालवणारा संध्याकाळीं निश्चिंत राहतो. परंतु पुष्कळ गाड्यांत त्यांच्याबरोबर मागचे तांबडे दिवे लागत नाहींत, आणि पाठीमागून येणाऱ्यास गाडी काळोखांत बुडालेली असते. ऊंसाच्या हंगामांत कारखान्याच्या वाटेवर उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीच्या मागेंहि जर दिवा नसेल, तर तोच प्रसंग येतो. तेव्हां दिवस मावळतांच दिव्याचें बटण स्वतः फिरवावें, आणि आठवड्यांतून एकदां गाडीच्या मागें जाऊन दोन्ही तांबडे दिवे जळतात कीं नाहीं, हें पहावें. चालवणाऱ्यास बसल्या जागेवरून ते दिवे दिसत नाहींत, म्हणून ही तपासणी उतरूनच करावी लागते.